आता तुमच्याचं सांगा

आमच्या इवायांनी उभ्या आयुष्यात एकाही उमेदवाराला पाडलेलं नाही. निवडणूक लागली की आमच्याकडची माणसं कुणाला तरी पाडायच्याच मागे लागतात. अमक्याला आणायचं म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही, तमक्याला पाडायचं म्हणून मात्र अख्खी गल्ली पहाटे उठते. अशा मुलखात विरुद्ध बाजूबद्दल एक वाकडा शब्द न काढता प्रचार करणारा माणूस मी एकच पाहिला आणि दैवयोगानं तो माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे पुस्तकातले व्याही, माझ्या धाकट्या मुलीचे सासरे. बोरीपासून चार किलोमीटरवर आमचं गाव, आणि सोयरीक गावातल्या गावात. त्यामुळे त्यांच्या घरात शिंक आली तरी आमच्याकडे कळते. म्हातारा आतल्या गाठीचा असेल, बाहेर गोड बोलत असेल, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. मी बारकाईनं पाहिलं. नाही हो, गाठच नाही.

तीस वर्षं ते परभणी-जिंतूर रस्त्यावर बसचे कंडक्टर होते. खाकी उतरून जमाना झाला, पण अंगातून कंडक्टरकी गेली नाही. घरी पाहुणा आला आणि दारात घुटमळला की म्हणतात, "पुढं सरका." बोलणं संपलं की शेजारच्या लाकडावर, मग तो पाट असो, बाजेचा पाय असो की दाराची चौकट, बोटाच्या पेरानं दोनदा ठोकतात. टक् टक्. गाडी सोडायची डबल बेल. ती वाजली की समोरच्यानं उठायचं. कलेक्टर असला तरी. माणसांची पारख त्यांनी सगळी त्या गाडीतच केली. जिल्ह्यातले आजचे निम्मे पुढारी हाफ पँटीत त्यांच्या गाडीला लोंबकळलेले. "माणूस कसा हाय ते रिकाम्या गाडीत कळत न्हाई इवाई," ते मला म्हणाले होते, "भरल्या गाडीत बघावं. कोण कोपर मारतंय, कोण पाय काढून घेतंय."

त्यांचा हिशेब साधा. आपण ज्याला मत द्या म्हणतो, त्याला ते का द्यावं याचं चांगलं कारण आपल्यापाशी हवं. चांगलं म्हणजे त्या माणसाच्या अंगचं. दुसरा वाईट आहे म्हणून हा चांगला, हे त्यांच्या शाळेत नापास. एकदा जिल्हा परिषदेच्या वेळी एक कार्यकर्ता मोटारसायकलवरून त्यांच्या ओट्यावर आला आणि विरोधी उमेदवाराचं अर्धा तास कीर्तन केलं. त्याचं शिक्षण, त्याची जमीन, त्याची बायको, त्याच्या मेव्हण्याची भानगड, काही ठेवलं नाही. इवायांनी सगळं मन लावून ऐकलं, मध्ये दोनदा हुंकारही दिला, आणि शेवटी इतकंच म्हणाले, "हे झालं त्याचं. आता तुमच्याचं सांगा." तो गडी चहा येईपर्यंत मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत बसला. चहा प्यायला, कप धुऊन ठेवला आणि गेला. हल्ली गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या दिवसांत जी घाण वाहते, तिच्याखालीही इवायांचं हेच वाक्य असतं. नातवाकडून टाइप करून घेतात.

बरं, कारण ऐकीव चालत नाही. स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं पाहिजे. एका उमेदवाराचा ताफा दारात थांबला, हार-तुरे झाले, उमेदवार पाया पडला. इवाई त्याच्याकडे बघेचनात. ते मागच्या जीपच्या ड्रायव्हरशी बोलत बसले. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. नंतर कळलं, ड्रायव्हर जेवला का, कुठं जेवला, कुणाच्या पंगतीला, एवढंच त्यांना हवं होतं. ड्रायव्हर म्हणाला, मालकासंगंच, ढाब्यावर. पण तेवढ्यावरही त्यांचा विश्वास बसेना, कारण ते ऐकीवच झालं. दुसऱ्या दिवशी हा माणूस देवगाव फाट्यापर्यंत गेला, ढाब्यासमोर बाकड्यावर बसून राहिला आणि उमेदवार न् ड्रायव्हर एका टेबलावर एका ताटलीतला कांदा खाताना बघूनच परत आला. मग तीन दिवस घरोघर: "मालक न् ड्रायव्हर एका ताटलीतला कांदा खातेत. म्या बघितलंय." बस, एवढंच भाषण. ऐकून मला हसू आलं होतं. पण गावानं त्या उमेदवाराला भरभरून मतं दिली, कारण कंडक्टर खोटं तिकीट फाडत नाही हे गावाला ठाऊक होतं.

आणखी एक कलम आहे, ते मात्र जाचक. अर्ज भरल्यानंतर केलेलं चांगलं काम मोजायचं नाही. एक उमेदवार ऐन प्रचारात विहिरीवरून एका म्हातारीची घागर तिच्या घरापर्यंत घेऊन गेला, बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. इवायांनी विचारलं, "अर्ज कधी भरला?" सोमवारी, असं कळल्यावर टक् टक्. "तवा समदेच चांगले वागतेत. त्याच्या आधीचं काय ते बोला."

हे सगळं मी कौतुकानं दुसऱ्यांना सांगत आलो होतो. मग मीच सरपंचपदाला उभा राहिलो.

मास्तर रिटायर झाले, आता मोकळे आहेत, गावाला शिकलेला माणूस पाहिजे, असं म्हणत लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेण्यासाठी उभा राहिलो होतो, एकदा आपलीही सही कुणी घ्यावी असं वाटत होतं. समोर गावातला वेल्डिंगवाला. चुरस अशी की निम्मी गल्ली त्याची, निम्मी माझी, आणि मधले जे काठावरचे, ते सगळे कंडक्टर काय म्हणतात याची वाट बघत बसलेले. मी निर्धास्त. घरचा माणूस! अर्ज भरून तसाच इवायांकडे गेलो आणि शेवटच्या दिवशी पारावर बोलाल ना, म्हटलं. ते म्हणाले, "आठ दिवस द्या. बघतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्या घरात पोटची पोरगी दिली, त्यांना माझ्यात चांगलं सापडायला आठ दिवस लागणार! घरी येऊन बायकोपुढे आदळआपट केली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तीस वर्षं लागली. ते आठ दिवसांत करायलेत, तर करू द्या की."

ते आठ दिवस मी जसा वागलो, तसं सगळं आयुष्य वागलो असतो तर माझं देऊळ बांधलं असतं लोकांनी. दूधवाल्याला अहो-जाहो करायला लागलो. गल्लीतल्या कुत्र्याला हाड म्हणालो नाही. अर्जानंतरचं मोजत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण उमेदवार झालेल्या माणसाला ठाऊक असलेलं काही आठवत नाही. आणि इवाई तर माझ्याकडे फिरकलेच नाहीत. ते आपल्या ओट्यावर डोळे मिटून बसलेले. मुलगी सासऱ्यांना मामा म्हणते; ती सांगायची, मामा दिवसभर काहीतरी आठवायलेत.

आठव्या दिवशी सकाळी ते आले. चेहरा असा उजळलेला, की मलाच भरून आलं. म्हणाले, "घावलं."

मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नेमणूक तेव्हा पिंगळीकडच्या शाळेत होती. उन्हाळ्यात सकाळची शाळा करून मी परभणीवरून दुपारच्या गाडीनं गावी यायचो. गाडीत कंडक्टर हेच. एकदा झरीच्या पुढं कडब्याचा ट्रक रस्त्यात आडवा झाला आणि गाडी दोन तास उन्हात अडकली. आसपास ना झाड, ना घर. लेकरं रडायला लागली. पाणी कुणापाशी नाही. फक्त माझ्या खिडकीला छागळ टांगलेली होती, जाड कापडाची पाण्याची पिशवी, वारा लागला की पाणी गार होतं ती. "तुमी ती छागळ काढली न् पुढच्या बाईच्या हातात दिली," इवाई सांगत होते. "मग तिच्या लेकराला, मग मागं, मग आणखी मागं. पंचवीस माणसं प्याली. म्या दारात उभा राहून बघत होतो. तुमी एक घोट घेतला न्हाई. ओठ फुटले होते तुमचे. आज पारावर मी हेच सांगणार." त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी खुर्चीच्या हातावर टक् टक् केलं आणि गेले.

मी उठलोच नाही. बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "ही ती वासाची छागळ का हो?"

तीच. आदल्याच दिवशी घेतलेली नवी कोरी छागळ. तिच्या कापडाला असा काही उग्र वास, की पहिला घोट मी परभणीतच थुंकून टाकला होता. पाणी ओतूनच द्यायचं होतं, तेवढ्यात त्या बाईनं मागितलं. मी दिलं. घरी येऊन दुकानदाराच्या नावानं शंख केला होता, तोही बायकोला आठवत होता. तिनं मला खरं बोला असं सांगितलं नाही, गप्प बसा असंही नाही. एवढंच म्हणाली, "डोळ्यानं बघितलेलंच सांगतेत ते. कधी खोटं सांगितलं न्हाई गावाला." आणि आत गेली.

गप्प बसलो तर सरपंच होतो. पण ज्या माणसानं कांदा बघायला देवगाव फाटा गाठला, त्याच्या तोंडून पाराला खोटं ऐकू जाणार होतं, तेही माझ्यापायी. उन्हं कलायच्या आत मी त्यांच्या ओट्यावर गेलो आणि जे होतं ते सांगून टाकलं. वास, थुंकलेला घोट, सगळं.

इवायांनी जरा सरकून मला शेजारी जागा करून दिली. मग म्हणाले, "बरं केलं सांगितलंत. लय बरं केलं." माझ्या मनात लगेच आशा उगवली. म्हटलं, मग हेच सांगा ना पारावर, मी खरं बोललो म्हणून. ते इतक्या मायेनं हसले माझ्याकडे. "अर्ज कधी भरलात, इवाई?"

त्या संध्याकाळी पारावर ते वेल्डिंगवाल्याबद्दल बोलले. म्हणाले, "शाळेचं गेट एका बाजूनं निघालं होतं. पत्रा पोरांना लागायचा. एका रविवारी हा माणूस मशीन घेऊन आला, जोडून गेला. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाला सांगितलं न्हाई. म्या बघितलंय." बस. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पण ती शाळा माझी होती. त्या निघालेल्या गेटातून मी हेडमास्तर म्हणून वर्षभर रोज आत गेलो होतो, पँट अडकू नये म्हणून जरा अंग चोरून. मी खाली मान घालून बसलो, आणि मनात आलं, बापरे, या माणसानं तेही बघितलं असणार. आणि एका अक्षरानं बोलला नाही.

मी नऊ मतांनी पडलो. आमच्या बाजूची पोरं चिडली, सोयऱ्यानंच पाडलं म्हणाली. मी म्हटलं, त्यांनी आजवर कुणालाच पाडलेलं नाही रे, मी माझ्या वजनानं पडलो.

खरा चमत्कार निकालाच्या दुसऱ्या दिवशी झाला. गुलाल अजून रस्त्यावर होता. इवायांनी टोपी घातली, काठी घेतली आणि माझा प्रचार सुरू केला. निवडणूक संपल्यावर! पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, वेल्डिंगवाल्याच्या घरासकट. प्रत्येक दारात तेच: "मास्तरापाशी जिंकायचं कारण आयतं चालून आलं होतं. त्यांनी ते खोटं हाय म्हणून स्वतः येऊन सांगितलं. आता अर्ज न्हाई, काय न्हाई. आता मोजायला हरकत न्हाई." लोक म्हणायचे, अहो कंडक्टर, मतदान होऊन गेलं. ते म्हणायचे, मतासाठी कुठं सांगायलोय. आठ दिवस हे चाललं. मी लाजेनं घराबाहेर पडत नव्हतो. पण त्या आठ दिवसांनंतर गावातली माणसं माझ्याशी ज्या आवाजात बोलायला लागली, तो आवाज सरपंचाच्या नशिबी क्वचितच येतो.

आता इवाई थकलेत. गुडघे गेले, आठवणही सुटत चाललीय. मी ओट्यावर जाऊन बसलो की त्यांचा चेहरा पुन्हा तसाच उजळतो आणि ते सुरू करतात: "इवाई, तुमाला आठवतं का, झरीच्या पुढं गाडी अडकली होती..." पुढच्या बाईपासून फुटलेल्या ओठांपर्यंत सगळं तसंच्या तसं. डोळ्यानं पाहिलेलं तेवढं राहिलंय. माझ्या तोंडून ऐकलेलं पुसलं गेलंय. ऐकीव माल त्यांच्याकडे कधी टिकलाच नाही. बायको म्हणते, आता कशाला, राहू द्या, त्या जिवाला तेवढंच समाधान. पण मी नाही राहू देत. त्यांचं सांगून झालं की दर वेळी मी सांगतो, की ती छागळ नवी होती, पाण्याला वास येत होता, मी देणार नव्हतो, ओतणार होतो. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे माझ्याकडे वळतात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारतात, "कुठं अर्ज तर भरला न्हाई ना?" मी नाही म्हणतो.

"मग हे मोजता येतंय," ते म्हणतात, आणि बोटाच्या पेरानं बाजेच्या पायावर दोनदा ठोकतात. मी मात्र उठत नाही, आणखी थोडा वेळ तिथंच बसून राहतो.