लिफ्टमध्ये शिकलेलं इंग्रजी

आमच्या समोरचा फ्लॅट नणंदेचा. ती पुण्याला असते, त्यामुळे भाडेकरू सांभाळायचं काम माझ्याकडे. खारघरच्या कॉलेजात शिकायला आलेली आयव्हरी कोस्टची एक मुलगी तिथे राहायला आली. तिला फ्रेंच येत होतं, इंग्रजी नावापुरतं. मला इंग्रजी येतं, असा आमच्या घरात समज होता.

पहिल्याच संध्याकाळी तिनं बेल वाजवली आणि गोड हसून म्हणाली, "आय डिमांड यू सॉल्ट."

मी निमूटपणे मीठ दिलं. मग तिनं साखर डिमांड केली, मग झाडू. पोरगी मागतेय की खंडणी वसूल करतेय, कळेना. शेवटी तिनंच मोबाइलवर दाखवलं, फ्रेंचमध्ये साधं मागण्यालाच असा शब्द आहे. मी तिला 'कॅन आय हॅव' शिकवलं. ती ते लगेच शिकली, पण खात्री म्हणून शेवटी 'आय डिमांड' जोडायची.

मी बँकेत कॅश काउंटरला होते. 'साइन हिअर' आणि 'गो टू नेक्स्ट काउंटर' यावर माझी अख्खी नोकरी निभावली. तेवढं तिला शिकवून झालं आणि माझा साठा संपला. मग तिनं दुसरा गुरू शोधला, आमची लिफ्ट.

आमचे सेक्रेटरी काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. टाकी धुवायची असो की कुणी गॅलरीतून टूथब्रश खाली टाकलेला असो, काका लिफ्टमध्ये इंग्रजीत नोटीस लावत. त्या कुणी वाचत नसे. ही मात्र वही घेऊन लिफ्टनं वरखाली करायची आणि नोटिसा पाठ करायची.

एका सकाळी बेल वाजली. दारात ही, चेहरा गंभीर.

"डिअर काकू, इट हॅज बीन ऑब्झर्व्हड दॅट युवर मिल्क इज बर्निंग. काइंडली डू द नीडफुल."

मी आत पळाले. दूध खरंच करपलं होतं. आमच्या ह्यांना हे इतकं आवडलं, की ते मी चहा मागितला तरी "नोटेड" म्हणू लागले. उठून मात्र करत नसत.

काकांना याची काही कल्पना नव्हती. परदेशी भाडेकरू म्हणजे सोसायटीला टेन्शन, असं त्यांचं ठाम मत. ते मला जिन्यात गाठून विचारत, "ही जाणार कधी?" एकदा त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "इव्हेन्च्युअली." फ्रेंचमध्ये तसाच शब्द आहे, त्यामुळे तिला म्हणायचं होतं, 'बघू, कदाचित.' काकांना वाटलं, आज ना उद्या जाणार. ते खूश होऊन गेले.

मग एका दुपारी लिफ्ट अडकली, आत ही एकटीच. आमच्या मजल्यावर माणसं जमली, कुणी दार ठोकू लागलं. काकांनी लिफ्टवाल्याला फोन केला, तोवर आतून तिचा शांत आवाज आला.

"डिअर मेंबर्स, धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट आय ॲम स्टक. इनकन्व्हीनियन्स इज डीपली रिग्रेटेड."

सगळे हसले. काका हसले नाहीत. आपलंच वाक्य कुणीतरी वाचलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी शर्ट नीट केला आणि बंद दारापुढे ताठ उभे राहिले.

"युवर कम्प्लेंट हॅज बीन रिसीव्हड."

"थँक्यू सर. काइंडली एक्स्पेडाइट."

"मेकॅनिक विल कम इन ड्यू कोर्स."

मग तिनं काळजीनं विचारलं, "ही वेंट फॉर व्हेजिटेबल्स?"

काका माझ्याकडे बघू लागले. नंतर कळलं, फ्रेंचमध्ये बाजारहाट करण्याला 'कोर्स'सारखाच शब्द आहे. तिला वाटलं, आपण इथे अडकून उभ्या आणि तो माणूस भाजी घ्यायला गेलाय.

"नो, नो! नो व्हेजिटेबल्स!" काका ओरडले. "ड्यू कोर्स! ड्यू कोर्स मीन्स..." आणि थांबले. जन्मभर हा शब्द लिहिला, पण अर्थ त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी कपाळ दाराला टेकवलं आणि हळूच म्हणाले, "बेटा, आय डोन्ट नो. वुई जस्ट राइट इट."

लिफ्टवाला येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. आत ती घाबरू नये म्हणून एकेक जुनी नोटीस तोंडपाठ म्हणत राहिले आणि ती मागून म्हणत राहिली. दार उघडलं तेव्हा दोघं पार्किंगच्या नियमांवर आले होते. त्या दिवसापासून ती कधी जाणार, हे त्यांनी विचारलं नाही. उलट रोज जेवण झाल्यावर तिची शिकवणी घेऊ लागले.

कॉलेज संपल्यावर न्हावा शेवा बंदरातून माल पाठवणाऱ्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर ती म्हणाली, "विथ रेफरन्स टू द अबोव्ह सब्जेक्ट, प्लीज फाइंड मी." तिथली माणसं दिवसभर असल्याच ईमेल लिहिणारी. शिवाय आफ्रिकेतल्या बंदरांशी बोलायला फ्रेंच हवंच होतं. नोकरी लागली आणि ती जासईला राहायला गेली.

मध्यंतरी एका रविवारी पेढे घेऊन आली. काका मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले. त्यांनी विचारलं, "हाऊ इज युवर एम्प्लॉयमेंट?"

"एकदम झकास, काका!" ती म्हणाली. "बॉस थोडा खडूस हाय, बाकी नो टेन्शन."

हे तिला कंपनीच्या यार्डातल्या ट्रकवाल्यांनी शिकवलं होतं. आम्ही हसून हसून लोळलो. काका पेढा हातात धरून बसले होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, चांगली भाषा होती हो पोरीची. बिघडवली लोकांनी."