मुलाला मागे बसवून येवल्याला

मखमलाबादच्या आमच्या मळ्यापासून येवल्याला माझ्या भावाच्या हातमागापर्यंत मोटारसायकलने दोन तास लागतात. निफाडला चहा घेतला तर थोडे जास्त. आठवड्यातले चार दिवस मी हा रस्ता जाते आणि येते. वय सहासष्ट. नातवंडं दोन. गाडी स्कूटी नव्हे. किक मारायची, पायात गिअर असलेली, टाकीवरचा रंग उडालेली मोटारसायकल. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे दर वेळी मध्येच विचारतात, "स्कूटी ना?"

ह्या रस्त्याने मी पहिल्यांदा मोटारसायकलवर गेले ती मागे बसून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! सहावारी साडी, कारण नऊवारी म्हाताऱ्या नेसतात. दोन्ही पाय एका बाजूला, कारण दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या बायका कशा असतात ते मला पक्कं ठाऊक होतं. एकही पाहिली नव्हती, तरी ठाऊक होतं. एक हात सीटखालच्या दांडीला, दुसरा डोक्यावरच्या पदराला. पडले असते तर हाडं मोडली असती, पण डोकं झाकलेलं राहिलं असतं.

चांदोरीच्या पुढे माझ्या मांडीवरची पिशवी निसटली. माहेरी न्यायची मेथी होती. ह्यांनी गाडी थांबवली, मी उतरून जुड्या गोळा करू लागले. ह्यांनी मागे न बघता विचारलं, "बसलीस?" मी मान हलवून नाही म्हटलं. मागे उभी राहून, मान हलवून! तोंडाने उत्तर द्यायला लाज वाटली. हे निघाले. आता हाक मारायची तर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. "अहो!" म्हणून ओरडले तर एक सायकलवाला, एक बैलगाडीवाला आणि पानाच्या टपरीवरचे दोघे माझ्याकडे बघायला लागले. ज्याने बघायचं तो मात्र निफाडपर्यंत माझ्याशी गप्पा मारत गेला. परत आल्यावर म्हणतात, "मला वाटलं, आज लय शहाण्यासारखी ऐकतेय." मेथी पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला उभी असलेली ती बाई आठवली की मला तिच्या कानाशी जाऊन हॉर्न वाजवावासा वाटतो.

ती बाई पुढे चाळीसेक वर्षं तशीच मागे बसली. मांडीवर शेवंतीची पाटी घेऊन मार्केटला, लग्नांना, दवाखान्यात. "हळू हो, हळू हो" एवढंच तिचं गाडीवरचं बोलणं. मग ह्यांचा गुडघा गेला आणि किक मारणं संपलं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली गेली. मुलगा म्हणाला, भंगारवाला येतो दारावर, देऊन टाकू. मी म्हटलं, "मला शिकवा."

हे हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. खाटेवर बसून ह्यांनी शिकवलं आणि मळ्याच्या वाटेवर मी शिकले. पहिल्या दिवशी झेंडूची आख्खी सरी आडवी केली. हे खाटेवरून ओरडले, "क्लच! अगं क्लच! फुलं काय धरतेस!" त्याच आठवड्यात मी पेटीतली आईची नऊवारी काढली. काष्टा घातला आणि गाडीवर बसले, तेव्हा कळलं की म्हाताऱ्या कशाला नेसायच्या. दोन्ही पाय मोकळे, कुठे काही उडत नाही, अडकत नाही. लायसन्सच्या परीक्षेला साहेबांनी जमिनीवर आठचा आकडा काढायला सांगितला. मी एक काढला आणि न विचारता दुसराही काढला.

येवला कशासाठी, तर माझं माहेर विणकरांचं. पैठणीच्या मागावर मी परकर घालायच्या वयात बसले आणि लग्न झालं तशी उठले. सासरी फुलं आणि भाजी. तिथे मागाच्या धोट्याचं काम काय? आता भावाची मुलं सिन्नरला कंपनीत जातात आणि घरातला एक माग रिकामाच होता. मी त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. हात विसरले असतील असं वाटलं होतं. हात विसरले नव्हते.

हे सगळं दोन वर्षं सुरळीत चाललं. मग गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मुलगा घरात आला आणि चप्पल न काढताच बोलायला लागला.

"आई, आज निफाडला माझ्या सासऱ्यांनी तुला पाहिलं."

"मीही त्यांना पाहिलं. रामराम केला."

"हात सोडून?"

"मान हलवून. व्याही हातच जोडतात, पण मी गाडीवर होते."

"ते मला फोनवर विचारत होते, तुमच्या आईला घरात काही कमी आहे का म्हणून."

"सांगायचं ना, जागा कमी आहे. अंगणात दुसऱ्या गिअरच्या पुढे जाता येत नाही."

हे खाटेवर खोकल्यासारखे हसले. मुलाला ते आवडलं नाही. त्याने खुंटीवरची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. माझ्या देखत! चाळीस वर्षांचा माणूस आहे, पण किल्ली खिशात टाकताना मला त्याचं पहिलीतलं तोंड दिसलं.

"बसने जा," तो म्हणाला.

"बस फाट्याफाट्याला थांबते. पोचेपर्यंत चांगला उजेड निघून जातो. रेशमाच्या त्या बारीक तारा काय बल्बखाली मोजू?"

"मग मामाकडे राहा चार दिवस."

"तिथे राहिले की मी माहेरवाशीण होते. सकाळी पोळ्या लाटते, भावजयीशी भाजी निवडते, आणि मागावर बसते ती दुपारी. गाडीवरून जाते म्हणून कामाला आलेली दिसते."

"बरं. मग ती अर्धी राहिलेली साडी मामाच पुरी करील."

ह्यावर मी खाटेच्या कडेला बसले. त्याला वाटलं जिंकला. साडीत प्रत्येक आडव्या धाग्यामागे फणीचा ठोका बसतो, आणि प्रत्येकाचा ठोका वेगळा. भावाचा जड आहे, माझा हलका. जिथे हात बदलतो तिथे कापडात पट्टा उमटतो. उजेडात धरला की कुणालाही दिसतो. अर्ध्या साडीवरून मला उठवायचं म्हणजे ती साडी खराब करायची. माझ्या हातची इतक्या वर्षांनंतरची ती तिसरी होती आणि मोरांचे काठ पहिल्यांदाच जमले होते. मुलगा फुलांच्या घरात वाढला. त्याला हे कसं कळणार? तोडलेलं फूल कुणीही ओवतं.

समजावून सांगितलं. त्याला एवढंच समजलं की आई ऐकणार नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्या मी तुझ्या मागे बसतो. येवल्यापर्यंत. एकदा जरी मला भीती वाटली, तरी किल्ली माझी. साडीचं काय ते नंतर बघू."

"आणि नाही वाटली तर?"

"वाटेल," तो म्हणाला.

सकाळी तो दोन स्वेटर घालून आला. माझ्या मागे बसला आणि दोन्ही हातांनी मागची दांडी पकडली. ह्यांनी खाटेवरून त्याला सूचना केली, "पाय एका बाजूला घे, लोक काय म्हणतील!"

औरंगाबाद नाक्यापर्यंत तो माझ्याऐवजी गाडी चालवत होता. "आई, हॉर्न दे. आई, रिक्षा. आई, सिग्नल पिवळा झाला. आई, कुत्रं." कुत्रं दुकानाच्या पायरीवर झोपलं होतं. माझ्या पायाआधी त्याचा पाय ब्रेक दाबायचा. त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी दाबायचा. मी समोर बघून चालवत राहिले. मनातून मात्र मी घाबरले होते. गाडीला नाही. ह्याच्या एका "आई गं"वर माझी साडी अडकली होती. खड्डा आला तरी मला वाटे, आता ओरडतोय.

चांदोरीच्या पुढे कांद्याचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, वर गोण्या लादलेल्या, पुढचं काही दिसेना. मी त्याच्या मागे अंतर ठेवून चालत राहिले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "काढ ना पुढे."

"दिसत नाही पुढचं."

"अगं, गाडी नाहीये समोर. मी बघतोय ना."

"तू माझ्या डोक्यामागून बघतोयस."

"असंच चाललो तर दुपार होईल, आई!"

"तुला भीती वाटायला हवी होती," मी म्हटलं, "कंटाळा यायचं ठरलं नव्हतं."

निफाडला चहा त्याने तोंड फिरवून घेतला. पुढे रस्ता मोकळा मिळाला. ऊन वर आलं होतं, दोन्हीकडे द्राक्षबागा, गाडी एका लयीत चाललेली. नैताळ्याच्या पुढे माझ्या हेल्मेटवर मागून टक् झालं. मला वाटलं खडा उडाला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग टक् झालेलं ते तिथेच टेकून राहिलं आणि चांगलंच जड लागायला लागलं.

मी एका कडुनिंबाखाली गाडी हळूच थांबवली. दोन्ही पाय रोवून बसले. मागचा तरीही हलेना. दोन स्वेटरांतला माझा मुलगा माझ्या हेल्मेटवर डोकं टेकून गाढ झोपला होता.

"उतर," मी ओरडले. "गाडीवर झोपतात? पडला असतास म्हणजे?"

तो दचकून उतरला. हेल्मेट वाकडं झालेलं. "झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते फक्त."

"भीतीने?"

त्याने रस्त्याकडे बघितलं, मग बागेकडे. 'हो' म्हणाला असता तर किल्ली त्याची होती. मी वाट बघत उभी राहिले. खोटं बोलायला त्याला वेळ पुरेसा दिला. पण पोरगं माझं आहे.

"नाही," तो म्हणाला.

येवल्याला पोचल्यावर तो माझ्या मागाजवळ पाटावर बसला. मी काम सुरू केलं. बराच वेळ तो मोराच्या काठाकडे बघत होता. मग त्याने माझ्या आणि भावाच्या मागाचे ठोके ऐकले. एक जड, एक हलका. परत निघताना गाडीजवळ उभा राहून म्हणाला, "बरं, ऐक. ही साडी उतरून माग मोकळा होईपर्यंत चालव. मग बंद. कबूल?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. भावजयीने तोंडाला पदर लावला. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवतात तो एका साडीचा नसतो. एका ताण्यावर तीन-चार साड्या निघतात, आणि तो संपत आला की नव्याचा एकेक धागा जुन्याला गाठ मारून जोडतात. माग मोकळा होतच नाही. हे विणकराच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. फुलवाल्याच्या घरातला माणूस विचारत नाही.

"कबूल," मी म्हटलं आणि किक मारली. "बस मागे. आणि झोपू नकोस."