शेवटची भाकरी

पणदऱ्याच्या ठमाबाईंच्या चुलीवरची शेवटची भाकरी भुऱ्या कुत्र्याची, हा घरचा जुना नेम. भुऱ्याला तो पाठ होता. म्हणूनच त्या सकाळी बाई थापतच राहिल्या तेव्हा त्याचं डोकं फिरलं. शेवटची येईचना! पाटी शिगोशीग भरली, अन् दोघं टमटमनं निघाली बारामतीला. भटक्या कुत्र्यांच्या औषधपाण्याला पैसे जमवायला तिथं पाळलेल्या कुत्र्यांची मालकांसोबत फेरी होती.

मैदानावर शहरातली कुत्री न्हाऊनमाखून आलेली. साबणाच्या वासानं भुऱ्याला शिंकाच लागल्या. फेरी सुरू होणार, तोच ठमाबाईंनी पाटीवरचं फडकं काढलं. झालं! साऱ्या कुत्र्यांनी मालकांना फरफटत पाटीकडं आणलं.

"कुत्र्यांची जत्रा म्हनल्यावर रिकाम्या हातानं कसं यायचं?" म्हणत ठमाबाई वाटत सुटल्या. माणसं हसून बेजार. भुऱ्या मात्र तोंड फिरवून बसला. आपल्या घरच्या भाकरी या साबणवाल्यांना?

पाटी रिकामी झाली, तेव्हा ठमाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत एकच भाकरी, कडेला करपलेली.

"रुसलास व्हय रं? शेवटची तुझीच हाय की."

भुऱ्यानं ती लगेच खाल्ली नाही. तोंडात धरून, सगळ्यांना दाखवत, त्यानं एकट्यानंच अख्ख्या मैदानाची फेरी मारली.