सासूबाईंनी उकळायला ठेवलेला शोध

नंदुरबारच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एका झुडपाच्या पानांचा अर्क मी काचेच्या बशीतल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला आणि पेशी मेल्या. झालं! बाई हवेत. म्हसावदला, माझ्या सासरी, शाल-नारळ देऊन सत्कार झाला. "अजून बरंच काम बाकी आहे" एवढं मी पुटपुटले आणि पेशी मेल्याचं मात्र ठणकावून सांगितलं.

पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. त्यांना हाच आजार असल्याचं नुकतंच कळलं होतं, सुरतला उपचार ठरले होते. ठरल्या दिवशी न्यायला गेले तर गॅसवर पातेलं उकळतंय, आणि त्यात माझीच पानं!

"सुरत कसाले? तुन्हं औषध शे ना घरमा."

माझं टाळकंच सरकलं. "अहो आई, बशीत मिरचीचं पाणी ओतलं तरी पेशी मरतात! बशी म्हणजे माणूस नाही!"

"मंग शाल कसाले लिधी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मिरवायला," मी म्हणाले, "चुकलं माझं." मग खरं ते सांगितलं. माझं झुडूप माणसाला तारतं की मारतं, कुणालाच ठाऊक नाही. सुरतला सलाइनमधून देणार त्यातलं एक औषध मात्र झाडाच्या सालीतच सापडलेलं. ते बाटलीत यायला कितीतरी माणसांची हयात गेली.

त्यांनी पातेलं मोरीत ओतलं. "मंग माले ते शिकेल झाड दे. तुन्हं आजून बालवाडीमा शे."

सलाइन झाली, किरणांचे शेक झाले. केस गेले, जेवण तुटलं, माझ्यावर डाफरणं तेवढं चालू राहिलं. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, गाठ कुठेच दिसत नाही. मी तिथेच भोकाड पसरलं.

गावात गाडीतून उतरल्या त्या थेट चौकात. अंगावरून जाणारं रक्त जिनं नवऱ्यापासूनही महिनोन्महिने लपवलं, ती दिरा-पुतण्यांसमोर ओरडली, "माले पिशवीना तोंडना कॅन्सर व्हता! गया!"

बाप्ये जमिनीकडे बघायला लागले. सासूबाई ओट्यावरच्या बायकांकडे वळल्या. "आते तुम्ही. कोनले तरास शे? बसा गाडीमा!"

माझी थोरली जाऊ पदर सावरत उठली. तिच्यामागून आणखी चौघी. मी गाडी तशीच तपासणीसाठी नंदुरबारच्या दवाखान्याकडे वळवली.