मालूचं हळदीकुंकू

रामवाडीत खोली घेताना मालूने घरमालकाला सांगितलं होतं, "मी बायकांचं मंडळ चालवते." खोटं काय त्यात? बायकाच होत्या सगळ्या. वडखळ नाक्यावर, रोहा स्टेशनाबाहेर धंदा करणाऱ्या. वीस वर्षं मालूनेही तेच केलेलं. आता ती त्यांच्या संघटनेचं काम बघायची. कुणाला मार बसला की तक्रार, कुणाला ताप आला की दवाखाना.

बैठकीला नाव द्यायचं हळदीकुंकू. संक्रांतीनंतर कोण विचारतंय? पण एवढ्या शहाणीला कळू नये, की हळदीकुंकू म्हटलं की शेजारीण न बोलावता येते, आणि दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवत नाहीत!

शेजारची अनिता आली. कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं आणि कोपऱ्यातल्या पारीचं सुजलेलं तोंड बघून कळवळली. "कोणी मारलं गो तुला?"

पारी भाबडी. सांगून मोकळी झाली. "जोहे गावचा नितेश. नको म्हटलं तर पट्ट्यानं मारलान."

नितेश अनिताचा सख्खा भाऊ. तिने वाण तिथंच आपटलं. "रांडांनो, माझ्या भावाचं नाव घेता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालूचं सामान रस्त्यावर. दाराला घरमालकाचं कुलूप, भोवती अख्खी आळी. "इथं सभ्य माणसं राहतात," घरमालक ओरडला.

"नाक्यावर भेटलेल्या सभ्यांची नावं सांगू?" मालू कडाडली. दोघातिघांनी माना फिरवल्या. कुलूप मात्र कुणी काढलं नाही. मेल्यांनो, लाज नाही तुम्हाला!

रात्री मालूकडेच राहिलेली पारी रडू लागली. "ऱ्हाव दे मालूताय. माझ्यापायी तुझं घर गेलं."

"तोंड तुझं फुटलंय ना? मग गप चल." मालूने सामान रिक्षात कोंबलं आणि तिला थेट चौकीत नेलं.

हवालदाराने तक्रार ऐकली, हसला. "साक्षीदार कोण?"

"मी. दवाखान्यात मीच नेली हिला."

"पत्ता?"

"रामवाडी."

"तिथून तर तुला हाकललंय. फोन आलाय मला. पत्ता नसलेल्या बाईची साक्ष मी घेत नाय. निघ."

मालूचं टाळकं सटकलं. बाहेर जाऊन तिने वळकटी आणली, चौकीच्या पायरीवर पसरली, शेजारी स्टोव्ह ठेवला आणि फतकल मारून बसली.

"लिवा पत्ता. तुमच्या चौकीची पायरी. तक्रार लिवून होईस्तवर मी इथंच ऱ्हाते."

हवालदार काठी घेऊन धावत आला. पारीने डोळे पुसले आणि मालूला खेटून बसली.