वाचवता आला असता असा दात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तोही दातांचाच डॉक्टर आहे.

द्वारका चौकाजवळ माझा दवाखाना आहे. मॅडम होता होईल तो दात काढत नाहीत, असं माझं नाव आहे. त्या नावावर पार दिंडोरीकडून पेशंट येतात. ऐकायला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं — म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले ना?

सायखेड्याच्या एक ताई आल्या होत्या. वरचा, अगदी समोरचा दात ठणकत होता. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, "मॅडम, आधीच सांगते, मला एचआयव्ही हाय. गोळ्या रोज घेते." कुणी विचारलं नव्हतं. माझ्या काळजीपोटी आपणहून सांगितलं त्यांनी.

एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी पू होता, पण मूळ धड होतं, हाडही भक्कम. रूट कॅनल केलं असतं तर दात टिकला असता. गोळ्या नीट चालू असल्या की अशा पेशंटचंही मूळ इतरांसारखंच बरं होतं — हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. हत्यारं तर आम्ही सगळ्यांसाठी सारखीच निर्जंतुक करतो. न सांगणारे किती जण त्याच खुर्चीत बसून गेले असतील!

पण त्या बारीक सुया, पुन्हा पुन्हा बोलवायचं, त्यात एखादी बोटात घुसली तर — मी घाबरले. आणि घाबरले हे कळू नये म्हणून खोटं बोलले. म्हटलं, "मूळ कुजलंय ताई. काढावाच लागेल."

त्यांनी मान हलवली. विश्वासच होता ना माझ्यावर. मी हातमोज्यांवर हातमोजे चढवले आणि दात उपटला.

जाताना तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "दुसरीकडं कुणी हात बी नाय लावला, मॅडम. तुम्ही लावला." मला लाज वाटली. पण वाटून काय झालं?

पुढे त्यांनीच त्यांच्यासारख्या दोघींना माझ्याकडे पाठवलं — मॅडम चांगल्या आहेत म्हणून. एकीचं तर लग्न व्हायचं होतं. दोघींनीही दारातच खरं सांगितलं. दोघींचेही दात वाचण्यासारखे होते.

दोन्ही मी काढले.