एक-शून्यांची शिरोरेघ

राजनंदिनीने जामखेडच्या गाळ्यात दिव्यांचे बोर्ड बनवायला घेतले, तेव्हा घरच्यांनी ठरवलं होतं : एक ऑर्डर बघायची. ती फसली तर त्या गाळ्यात भावाचं खताचं दुकान.

ऑर्डर शेवगावच्या आडतदार सूर्यभानशेटची होती. मालाचे भाव दाखवणारा बोर्ड, पण मराठीत.

मी तिची मैत्रीण, मराठी घेऊन बी.ए. झालेली. गाळ्यात गेले तर ती लॅपटॉपकडे रागाने बघत बसलेली.

“हे बघ, मनवा.”

नुसते एक आणि शून्य. एक म्हणजे पेटलेला दिवा, शून्य म्हणजे विझलेला. मी जरा मागे सरकले. त्या गर्दीत ‘क’ उभा होता. गाठ, दांडी, सगळं. मी बोटाने तो हवेत गिरवला.

“पन ह्याला कळंना ना!” ती म्हणाली.

‘हा’ म्हणजे कंपायलर, लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलून देणारा. आकड्याआधी ‘शून्य-बी’ लिहिलं की नवे कंपायलर तो एक-शून्यांचा आकडा मानतात. तिच्या चिपचा कंपायलर जुना. ओळीओळीला चूक दाखवत होता.

तिला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेले सुहास सर फोनवर म्हणाले, “अगं, साधे आकडे लिही. सगळे तेच करतात.”

“साध्या आकड्यात अक्षर दिसत न्हाई, सर. डोळं झाकून काढू व्हय?”

तिने फोन ठेवला आणि कामाला लागली. आठ एक-शून्यांच्या प्रत्येक जुळणीचं तिने एक नाव केलं. आधी ‘बी’, मग तीच जुळणी. नावापुढे त्याची साध्या आकड्यातली किंमत. दोनशे छप्पन्न ओळी झाल्या. नावं कंपायलरला चालली. तिला अक्षर दिसत राहिलं.

शेवगावला आडतीवर बोर्ड पेटला. कांदा.

सूर्यभानशेटनी मान तिरकी केली. “पोरी, अक्षरं पडक्या दातांगत दिसत्यात. असला न्हाई घ्यायचो मी.”

खरंच, दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेघ तुटत होती.

राजनंदिनी शिडीवर, हातात वायर. ती खाली उतरली नाही.

“मनवे, लॅपटॉप घे. अक्षराच्या शिरोरेघेची ओळ बघ. शेवटचं शून्य काढ, तिथं एक घाल.”

ओळ शोधावी लागली नाही. दिसतच होती. दोन्ही अक्षरांत बदल केला, तिने सांगितलेलं बटण दाबलं. बोर्ड विझला, पेटला. रेघ सलग.

“टमाट्याचं कधी करती?” शेट म्हणाले.

तिने शिडीवरूनच घरी फोन लावला.

“आप्पा, दादाला म्हनावं दुसरा गाळा बघ.”